लॉनला पाण्याआधी वाफसा द्या: ऐरोलीच्या अंगणातून

माझ्या वडिलांचा निम्मा जन्म हरळी उपटण्यात गेला. आमचं रान सांगलीच्या वाळवा तालुक्यातलं, उसाचं आणि हळदीचं. हरळी एकदा शिरली की उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, तिच्या काशा (जमिनीखालचे दांडे) वेचायच्या आणि बांधावर नेऊन जाळायच्या. एक काशी राहिली तरी पावसाळ्यात पुन्हा जाळं. ही हरळी मरत नाही, हे लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं.

आणि २०१६ साली मी तीच हरळी पैसे मोजून विकत घेतली. नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या आमच्या रो-हाउसपुढे साधारण २२० चौरस फुटांचं अंगण आहे. सासूबाईंना सकाळी अनवाणी चालायला हिरवळ हवी होती. नर्सरीवाल्याने ‘सिलेक्शन वन’च्या गाद्या आणून अंथरल्या. सिलेक्शन वन म्हणजे हरळीचाच निवडलेला, बारीक पानाचा वाण. गणपतीच्या दूर्वाही याच कुळातल्या. मे महिन्यात लावलेलं लॉन जूनमध्ये मखमलीसारखं होतं. ऑगस्टमध्ये पिवळं, आणि गणपती येईपर्यंत निम्मं काळं पडून कुजलं. रानात जाळूनही न मरणारं गवत माझ्या दारात पाच महिन्यांत मेलं.

नर्सरीवाला म्हणाला, “ताई, पाणी कमी पडलं असेल, खत टाका.” पावसाळ्यात पाणी कमी? मी खुरपं घेतलं आणि पिवळ्या भागातून वीतभर चौकोन कापून वर उचलला. वरची दोन इंच लाल माती चिखलासारखी लिबलिबीत. तिच्याखाली विटांचे तुकडे, फरशीच्या कपच्या, सिमेंटचे गोळे, आणि त्यांच्यामधून करड्या-काळ्या गाळाचा थर. वास सडलेल्या अंड्याचा. गवताची मुळं दीड इंचावर येऊन थांबलेली, टोकं तपकिरी. पांढरं, जिवंत मूळ एकही नव्हतं.

वडील तेव्हा होते. फोनवर सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “त्या मातीला वाफसा कधी येतो?” येतच नव्हता. वाफसा म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, मूठ वळली तर गोळा होतो आणि बोटाने दाबला तर फुटतो, अशी मातीची अवस्था. मातीच्या कणांमध्ये पाणीही असतं आणि हवाही असते. मुळांना दोन्ही लागतं. सतत पाणी साचलं की हवा संपते, मुळं गुदमरतात, आणि सडक्या अंड्याचा वास येतो तो हवेवाचून जगणाऱ्या जिवाणूंचा. वाळव्यात वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस इथे एका जुलैत पडतो. म्हणून ठाणे-नवी मुंबईत लॉन लावायचं तर पहिला खर्च गवतावर नको, निचऱ्यावर करा.

तुमच्या अंगणात काय परिस्थिती आहे हे अर्ध्या दिवसात कळतं. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तासाला इंचभर तरी उतरलं पाहिजे. माझ्याकडे दुसरं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच होतं. आमच्याकडची बरीच जमीन भराव टाकून उंच केलेली, आणि बांधकाम संपताना बिल्डरचे लोक उरलेला राडारोडा अंगणातच पसरून वर लाल माती टाकून जातात. त्यामुळे खड्डा घेताना काय काय बाहेर येतं तेही नीट बघा.

मी पुढच्या उन्हाळ्यात सगळं उकरलं. नऊ इंचांपर्यंतचा राडारोडा काढला, टेम्पो भरून गेला. तळाला घरापासून गटाराकडे उतार दिला, चार फुटांना एक इंच. हा उतार डोळ्याला जेमतेम जाणवतो आणि पाण्याला पुरतो. मधोमध चार इंची पीव्हीसी पाइपला भोकं पाडून, भोवती खडी भरून, जाळीदार कापड गुंडाळून तो पाइप पावसाच्या पाण्याच्या गटाराला जोडला. त्यावर सहा इंच नवी माती: दोन भाग लाल माती, एक भाग रेती, एक भाग मुरलेलं शेणखत. हिशोब सोपा आहे, २२० चौरस फुटांवर अर्धा फूट म्हणजे ११० घनफूट, एक ब्रासच्या (१०० घनफूट) थोडं वर. रेती धुतलेली घ्या. खाडीची किंवा समुद्राची रेती स्वस्तात कोणी देऊ केली तरी नको, तिच्यातलं मीठ मुळांना जाळतं. आणि शेणखत खरंच मुरलेलं आहे ना, हे हात घालून बघा. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे, त्यात वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) दोन्ही येतात.

माती भरल्यावर लगेच लावायची घाई करू नका. पाणी मारून पंधरा दिवस तशीच ठेवा. ती बसते, खड्डे दिसतात आणि तिच्यातलं तण उगवून वर येतं. ते मुळासकट काढा, मग गवंड्याकडची लांब पट्टी फिरवून जमीन सपाट करा. मी गाद्या न घेता काड्या लावल्या. तीन-चार इंचांवर एक, दोन-तीन पेरं मातीत आणि एक वर. पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी लावल्या आणि दिवाळी होऊन थोडे दिवस गेले तोवर जमीन झाकली गेली. गादी झटपट दिसते, पण ती दुसऱ्या मातीत वाढलेली असते आणि तिची मुळं खालच्या मातीत उतरायला वेळ लागतो. वेळ असेल तर काड्याच लावा, पैसेही वाचतात.

त्याआधी एक गोष्ट मात्र तपासून घ्या: ऊन. सिलेक्शन वनला रोज सहा तास थेट ऊन लागतं. आपल्याकडे साधारण १५ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे उन्हाळ्यात सगळं अंगण उन्हात न्हाऊन निघतं आणि माणूस फसतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि तीस फूट उंच भिंतीची सावली भर दुपारीसुद्धा सत्तावीस फुटांपर्यंत पडते. दक्षिणेला टॉवर असेल तर हिवाळाभर तुमचं लॉन अंधारातच. मेक्सिकन गवत किंवा रुंद पानाचं बफेलो थोडी सावली सोसतं, पण आंब्याखाली आणि दोन भिंतींच्या बोळात तेही टिकत नाही. तिथे अळू लावा, फर्न लावा, गोटे पसरा. आमच्या जिन्याखालच्या कोपऱ्यात तीनदा गवत लावून पाहिलं. आता तिथे अळू आहे आणि उत्तम आहे.

आता रोजच्या निगेकडे येऊ. पाण्याबद्दल सर्वांत जास्त चूक होते, कारण संध्याकाळी पाइप हातात धरून शिंपडणं आपल्याला आवडतं. रोज पाच मिनिटं शिंपडलं की वरचा अर्धा इंच भिजतो, मुळं तिथेच राहतात, आणि एप्रिलच्या दोन दिवसांच्या उन्हात गवत मान टाकतं. कमी वेळा द्या, पण खोल द्या. उन्हाळ्यात आठवड्याला एकूण २५ मिलिमीटर पाणी सिलेक्शन वनला पुरतं. माझं अंगण सुमारे २० चौरस मीटर, म्हणजे आठवड्याला ५०० लिटर. हे मी दोनदा देते, २५०-२५० लिटर. नळाचं मोजमाप बादलीने करा: माझी १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरते, म्हणजे मिनिटाला १० लिटर, म्हणजे एका वेळेला २५ मिनिटं. दिल्यावर अर्ध्या तासाने लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघा. पाच-सहा इंच सहज गेला तर पाणी पोचलं. पुन्हा कधी द्यायचं ते गवत सांगतं: चालल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, पाती उभी झाली नाहीत आणि रंग निळसर-करडा दिसला, की त्या दिवशी द्या. वेळ सकाळी सात-साडेसातच्या आत. रात्री पाती ओली राहिली की बुरशीला आमंत्रण.

पाचशे लिटर पिण्याचं पाणी गवतावर ओतायला मे महिन्यात मन धजत नाही आणि धजू नये. धरणाची पातळी खाली जाते तेव्हा मी आठवड्यातून एकदाच देते आणि गवताला पिवळं पडू देते. हरळी उन्हाळ्यात झोपते, मरत नाही. तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी बिनधास्त घाला. आर.ओ.मधून फेकलं जाणारं पाणी आणि वॉशिंग मशीनचं पाणी मात्र नको, त्यात क्षार फार असतात. खाडीजवळच्या बोअरचं पाणीही तसंच. आमच्या गल्लीत एका घरी बोअरवर लॉन ठेवलं होतं, पात्यांची टोकं जळून तपकिरी आणि मातीवर पांढरी पापडी. बोअरशिवाय इलाज नसेल तर चार पाण्यांमागे एक भरपूर गोडं पाणी द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली वाहून जाईल. अर्थात खाली निचरा असेल तरच ते जातं. आणखी एक: ओटा धुतल्यावर फिनाइलचं पाणी लॉनकडे जातंय का बघा. कडेला पायरीच्या लांबीची पिवळी पट्टी दिसली तर दुसरं कारण शोधत बसू नका.

कापणी. एका वेळी पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा. दीड इंच ठेवायचं असेल तर सव्वादोन इंच झालं की कापा. महिनाभर वाढू देऊन एकदम बुंध्यापर्यंत कापलं की खालच्या पांढऱ्या काड्या उघड्या पडतात आणि उन्हाने भाजतात. हिवाळ्यात मी एक ते दीड इंच ठेवते, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोन. एवढ्या अंगणाला हाताने ढकलायचं, फिरत्या पात्यांचं मशीन भरपूर झालं. त्याची धार बघायची रीत सोपी: कापल्याच्या दुसऱ्या दिवशी एक पातं चिमटीत धरून टोक बघा. सरळ आणि हिरवं असेल तर धार चांगली. चिंधीसारखं फाटून पांढुरकं झालं असेल तर मशीन धार लावायला न्या. सगळं लॉन राखाडी दिसतंय म्हणून लोक खत टाकत बसतात, आणि दोष धारेचा असतो.

खताचा धडा मला एका चुकीतून मिळाला. दव पडलेलं असताना मूठभर-मूठभर युरिया फेकला, आणि चार दिवसांत जिथे जिथे मूठ पडली तिथे तिथे ताटलीएवढे जळके डाग. युरियात ४६ टक्के नत्र असतं. २० चौरस मीटरला १०० ग्रॅम पुष्कळ, तोही चाळलेल्या रेतीत मिसळून, कोरड्या पात्यांवर, अर्धा आडवा आणि अर्धा उभा फेकून, आणि लगेच भरपूर पाणी. त्याऐवजी १५:१५:१५ हे मिश्रखत वापरलं तर ३०० ग्रॅम. ऑक्टोबर ते डिसेंबर महिन्यातून एकदा आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्ये. जून ते ऑगस्ट काहीही देऊ नका, सगळं गटारातून खाडीत जातं. पाणी-खत नीट असूनही नवी पाती पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे. हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला पाच ग्रॅम मिसळून सकाळी फवारा, आठवड्यात रंग फिरतो. फवारताना फरशीवर थेंब पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, मी टोकदार पहारीने वीत-वीत अंतरावर पाच-सहा इंच खोल भोकं पाडते आणि चाळलेली रेती-शेणखत वरून पसरून खराट्याने भोकांत लोटते. पाव इंच थर, एवढ्या अंगणाला आठ-नऊ घमेली. पाती वर दिसत राहिली पाहिजेत. सासूबाई रोज एकाच रेषेत चालत त्यामुळे तिथे पायवाट घट्ट झाली होती. त्या रेषेत भोकं दुप्पट केली आणि त्यांना म्हटलं, “आता महिनाभर कुंपणाच्या बाजूने चालाल का?” त्या चालल्या, आणि वाट भरून आली.

तणांमध्ये खरा शत्रू लव्हाळा. बाकीची, म्हणजे दुधी, एकदांडी, आंबुशी, घोळ, पाऊस पडून गेल्यावर मुळासकट उपटली की संपतात. लव्हाळ्याचं तसं नाही. त्याचा दांडा तीन धारांचा असतो, बोटांत फिरवला की कळतं. तो उपटला की वर येतो फक्त शेंडा, आणि खाली काळी गाठ राहते. आपल्याकडे औषधात नागरमोथा म्हणतात ती या कुळातल्या झाडांची गाठ. गाठीतून बारीक काळा धागा निघतो, तो दुसऱ्या गाठीला जोडलेला, दुसरी तिसरीला. मी सुरुवातीला उपटत गेले आणि एकाच्या जागी तीन आले. आता ओल्या मातीत खुरपं शेंड्यापासून चार बोटं लांब, सरळ खाली घालते आणि मातीचा गोळाच उचलते. बोटांनी गोळा फोडून धागा न तोडता त्याच्या मागे जायचं, गाठी सापडतील तेवढ्या काढून डबीत टाकायच्या. पहिल्या दिवशी एका चौरस फुटाला अर्धा तास गेला. पण दर आठवड्याला पंधरा मिनिटं बसले आणि दोन वर्षांत लव्हाळा कुंपणाच्या कडेपुरता राहिला. नवा कोंब चार-पाच पानांचा व्हायच्या आत काढायचा, त्यानंतर तो नवी गाठ धरायला लागतो. तणनाशक मी वापरत नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात दूर्वांसाठी हातभर जागा न कापता ठेवली आहे. तिथल्या एकवीस जुड्या बाप्पाला जातात, त्यांच्यावर औषध नको.

पावसाळ्यात सर्वांत मोठी निगा म्हणजे लॉनवर पाय न टाकणं. वडील म्हणत, वाफशाशिवाय रानात उतरायचं नाही. ओल्या मातीवर चार माणसं चालली की तिच्यातली हवा निघून जाते, आणि ती वर्षभर परत येत नाही. उघडीप मिळून पाती सुकली तरच कापा, आणि पावसाळ्यात कापलेलं गवत उचलून टाका, ते वर कुजतं. जमीन चिकट, काळी-हिरवी दिसली तर ते शेवाळ. खरवडून काढा, तिथे भोकं पाडा, रेती टाका. सकाळी पात्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू आणि खाली गोल तपकिरी डाग दिसला तर बुरशी. खत बंद करा आणि रोज सकाळी खराट्याने दव झाडून टाका. एवढ्यानेच माझे बहुतेक डाग थांबले. गोगलगायींवर मात्र मीठ टाकू नका. गोगलगाय मरेल, तशी तिच्याखालची हरळीही मरेल. रात्री बॅटरी घेऊन उचला आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका.

पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला तपकिरी भुंगेरे दिव्याभोवती आणि कडुनिंबावर जमतात, ते हुमणीचे. ओट्यावरचा दिवा त्या आठवड्यात बंद ठेवा. त्यांची अंडी जमिनीत जातात आणि अळ्या पुढचे काही महिने मुळं खातात. साळुंक्या लॉनमध्ये एकाच जागी चोची मारत असतील तर तिथलं गवत धरून ओढा. गोधडीसारखं उचललं गेलं तर खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतील. एका चौरस फुटात पाच-सहाहून जास्त असतील तर वेचा, आणि पुढच्या जूनमध्ये मेटारायझियमची पावडर शेणखतात मिसळून ओल्या मातीत द्या. ही बुरशी अळीला मारते, गवताला काही करत नाही.

खाऊन टाकलेला किंवा जळालेला तुकडा भरायला नर्सरीत जायची गरज नाही. मी दूर्वांच्या कोपऱ्यातून खुरप्याने मुठीएवढा गड्डा काढते, मातीसकट. मेलेल्या जागची माती चार इंच खोल काढून नवी भरते, गड्डा त्यात बसवते आणि टाचेने दाबते, भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित खाली. पहिले दहा दिवस रोज तांब्याभर पाणी. पंधरा दिवसांनी हलकेच वर ओढून बघा. हाताला ओढ लागली, तर त्याची मुळं खाली उतरली आहेत.